घरावर संकट असताना आगमनकाळ कसा पाळायचा?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत त्यांचं सोयाबीन पाण्यात गेलं, कांद्याचं रोप वाफ्यातच सडलं. सासरे गणपतीत वारले. मालकांचं पुण्याच्या कंपनीतलं कंत्राट संपलं, दिवाळीपासून ते घरीच आहेत. चर्चच्या दारावर वर्षभर ‘आशेचे यात्रेकरू’ असा ज्युबिली वर्षाचा (कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाचा) बॅनर लागलेला. ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, ‘आशेची मेणबत्ती’ (दर रविवारी एक अशा चारांतली पहिली) लावायला नेमकं त्यांच्याच कुटुंबाला पुढे बोलावलं. ताई लिहितात, “हातात काडेपेटी होती आणि मनात काहीच नव्हतं. फादर, आशा वाटत नसताना ती मेणबत्ती लावणं हे ढोंग नाही का? आणि वाटत नाही म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?”

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो तुम्हाला जास्त टोचत असणार. नाही, विश्वास कमी पडलेला नाही. तीन महिन्यांत एक मरण, एक पीक आणि एक नोकरी गेलेल्या घरात मन सुन्न होतं. सुन्न मनाला देव अविश्वास म्हणत नाही, आपण माणसंच म्हणतो, आणि बहुतेक वेळा स्वतःचं पीक शाबूत असलेली माणसं म्हणतात.

बॅनरचंही सांगून टाकतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिलीची घोषणा ज्या पत्रातून केली, त्याचं शीर्षक संत पौलाच्या रोमकरांस पत्रातून घेतलं आहे: आशा लाजवीत नाही. पण पौलाचं ते वाक्य एकटं नाही, एका साखळीचं ते शेवटचं टोक आहे. संकटातून धीर येतो, धीरातून शील घडतं, शीलातून आशा निर्माण होते, असा त्याचा क्रम आहे. आशा सगळ्यात शेवटी येते. आपण मात्र शेवटची कडी बॅनरवर छापली आणि आधीच्या कड्या सांगायच्या राहून गेल्या. तुम्ही सध्या पहिल्या कडीवर आहात. तिथे उभ्या असलेल्या बाईकडे चौथी कडी मागणं पौलालाही पटलं नसतं.

आता ढोंगाचा प्रश्न. माझं म्हणणं एका वाक्यात मांडायचं तर, ख्रिस्ती आशा म्हणजे ‘सगळं ठीक होईल’ असं वाटणं नव्हे. जे काही आहे त्यात कोणीतरी येतो आहे, यावर उभं राहणं. वाटणं आपल्या हातात नसतं. वाट पाहणं असतं. म्हणून मन रिकामं असतानाही ती मेणबत्ती लावता येते, आणि त्यात ढोंग नसतं.

हे मी पुस्तकातून कमी आणि ऊसतोडीच्या तळांवर जास्त शिकलो. नगर जिल्ह्यात कारखान्यांचं गाळप सुरू झालं की मराठवाड्यातून टोळ्या येतात. त्यांत काही ख्रिस्ती कुटुंबं असतात. रविवार त्यांना मिळत नाही, म्हणून आगमनकाळात एखाद्या रात्री आम्हीच तळावर जाऊन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करतो. बांबू, ताडपत्री आणि पाचटाच्या कोप्या, मध्ये थोडी मोकळी जागा, टायरगाडीच्या फळीवर अंथरलेलं पांढरं कापड हीच वेदी. एका वर्षी मी पहिल्या रविवारचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं वाचन) वाचलं, “जागृत राहा,” आणि त्यावर प्रवचन सुरू केलं. पुढच्या रांगेतली एक बाई, मांडीवर झोपलेलं पोर, मला मध्येच म्हणाली, “फादर, जागं राहा म्हणून आम्हाला काय सांगता? मी तीनला उठते. भाकरी थापून चारला फडात. झोपलेल्यांना सांगा की.” सगळे हसले, मीही हसलो. हसणं ओसरल्यावर तीच म्हणाली, “जागं राहून कोणाची वाट बघायची तेवढं सांगा. मुकादमाची बघून झाली.”

अख्खा आगमनकाळ त्या दोन वाक्यांत आला. जागं राहण्याचं शिक्षण कष्टकऱ्याला आणि दुखावलेल्याला द्यावं लागत नाही, रात्री तुम्हालाही झोप लागत नसेलच. प्रश्न असतो तो कोणाची वाट पाहायची हा.

आणि गंमत पाहा, चर्चने या चार आठवड्यांत आनंदी दिसण्याची सक्ती कुठेच केलेली नाही. ती बाजाराने केली आहे. मिस्सात रंग जांभळा असतो, रविवारचं ‘परमस्वर्गी देवाला गौरव’ हे गौरवगीत गाळलं जातं, आणि पहिल्या रविवारचं शुभवर्तमान दर वर्षी गोठ्याचं नसून जगाच्या शेवटाचं असतं. यंदाच्या वाचनचक्रात तर मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातलं नोहाच्या पुराचं वाचन आलं. ज्या गावात नदी घरात शिरून गेली, प्रार्थनागृहाच्या भिंतीवर अजून गाळाची रेघ दिसते, गीतांची पुस्तकं वाळवूनही पानं चिकटलेलीच राहिली, तिथे हे वाचायचं म्हणजे वाचणाऱ्याचा आवाज अडखळतो. काही ठिकाणी त्यावर ‘पाप वाढलं की पूर येतो’ असं बोललं गेलं, हेही माझ्या कानावर आलं. तसं बोलणाऱ्यांनी मजकूर पुन्हा वाचावा. येशू तिथे पूर आलेल्या माणसांच्या पापाबद्दल चकार शब्द काढत नाही. ती माणसं खात होती, पीत होती, लग्नं करत होती, एवढंच तो सांगतो. रोजचं साधं जगणं चालू होतं आणि पाणी आलं. शिक्षेचं गणित आपण त्यात घुसडतो. तुमचं सोयाबीन गेलं ते तुमच्या पापामुळे नव्हे, आणि असं कोणी सुचवलं तर तिथून उठून या.

दुसऱ्या रविवारचं यशया संदेष्ट्याचं वाचन शेतकऱ्याच्या घरात जास्त कळतं: इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. इशाय हा दाविदाचा बाप, म्हणजे राजघराण्याचं मूळ. ते झाड तोडलेलं आहे, उरलाय फक्त बुंधा. आपल्याकडे ऊस तोडून नेल्यावर जमिनीत उरलेल्या खोडाला फुटवे येतात आणि त्यावर खोडवा घेतात, तसं समजा. फड तोडून झाला तेव्हा तिथे नुसतं पाचट आणि खुंट दिसतात, पण मूळ जिवंत असतं. खोडव्याचा उतारा लागणीच्या उसापेक्षा कमी येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. यशयाही जुनं राज्य जसंच्या तसं परत मिळेल असं म्हणत नाही. तो फुटव्याबद्दल बोलतो. सासरे परत येणार नाहीत. पुढचा नाताळ मागच्या नाताळसारखा होणार नाही. आशेचं बोलताना हे आधी कबूल करावं लागतं, नाहीतर पुढचं सगळं पोकळ होतं.

यशयाबद्दल आणखी थोडं, कारण आगमनकाळात सगळ्यात जास्त त्याचंच वाचन होतं आणि आपण ते नाताळच्या कार्डावरच्या ओळीसारखं ऐकतो. चौथ्या रविवारी, २१ डिसेंबरला, सातव्या अध्यायातलं इम्मानुएलचं (म्हणजे ‘देव आमच्याबरोबर’) वचन वाचलं जाईल. त्याची पार्श्वभूमी युद्धाची आहे. इसवी सनापूर्वी ७३५ च्या सुमारास अराम आणि उत्तरेकडचं इस्राएल हे दोन शेजारी एकत्र येऊन यरुशलेमवर चालून आले. आहाज राजाचं आणि प्रजेचं मन वाऱ्याने हलणाऱ्या रानातल्या झाडांसारखं कापलं, असं तिथे लिहिलं आहे. यशया त्याला भेटतो ती जागाही सांगितली आहे: वरच्या तळ्याच्या पाटाजवळ. वेढा पडला तर शहराला पाणी पुरेल का, हे बघायला राजा बहुधा तिथे गेला असावा. काळजी खरी होती, आणि यशया त्याला देवाकडे चिन्ह माग म्हणतो. आहाज मोठ्या भक्तिभावाने नकार देतो, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही म्हणतो. ऐकायला छान वाटतं. पण त्याचा भरवसा अश्शूरच्या राजावर होता. मंदिरातलं सोनंरुपं काढून त्याने तिकडे नजराणा पाठवला, असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नोंदलं आहे. म्हणजे धार्मिक भाषा तोंडात आणि भरवसा भलतीकडे. ‘इम्मानुएल’ हे वचन या माणसाला दिलं गेलं, मोठा विश्वास दाखवणाऱ्या कोणाला नव्हे. मला यात तुमच्यासाठी दिलासा दिसतो. देवाचं येणं आपल्या मनाच्या तयारीवर अवलंबून असतं, तर ते वचन आहाजापर्यंत पोचलंच नसतं.

पण मला खरं बोलायचंय ते तिसऱ्या रविवारबद्दल, १४ डिसेंबरच्या. तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचं वाचन त्या दिवशी आहे. परंपरेने हा आनंदाचा रविवार, वस्त्रं गुलाबी, मेणबत्ती गुलाबी. आणि शुभवर्तमान कसलं? तुरुंगातल्या योहानाचं. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने यार्देनच्या काठावर ‘येणारा जवळ आलाय’ म्हणून गर्जना केली, तो आता हेरोदाच्या कैदेत आहे. जोसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो की त्याला मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या माखायरुस किल्ल्यात ठेवलं होतं. तिथून तो शिष्यांकरवी येशूला विचारतो: जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

ताई, हा तुमचाच प्रश्न आहे. आणि तो विचारतो कोण, तर ज्याने सगळ्यांना येशूकडे बोट दाखवलं तोच. चर्चने हा संशय लपवला नाही, आनंदाच्या रविवारी, भर मिस्सात, मोठ्याने वाचायला ठेवला.

येशूचं उत्तर नीट पाहा. तो योहानावर रागावत नाही, विश्वास वाढव म्हणत नाही. जे ऐकता-पाहता ते त्याला जाऊन सांगा, म्हणतो: आंधळ्यांना दिसतं, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिऱ्यांना ऐकू येतं, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. हे शब्द यशयाच्या पस्तिसाव्या आणि एकसष्टाव्या अध्यायांची आठवण करून देणारे आहेत. त्या एकसष्टाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात आणखी एक गोष्ट आहे: बंदिवानांची सुटका. येशू ती गाळतो. कैद्याला निरोप पाठवताना नेमकं तेवढंच नाही. योहानाला यशया पाठ असणार, जे गाळलं ते त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. आणि पुढे योहान सुटत नाही. हेरोदाच्या मेजवानीत त्याचं शिर तबकात येतं.

या वाचनावरची गोडगोड प्रवचनं मला सहन होत नाहीत. येशूने योहानाला सुटकेची हमी दिली नाही. दोन गोष्टी मात्र दिल्या. एक, डोळ्यांनी दिसेल आणि कानांनी ऐकू येईल अशी खूण: माझं काम चालू आहे, तुझ्या कोठडीबाहेर का होईना, पण चालू आहे. आणि दुसरी, निरोप्ये निघून जाऊ लागल्यावर लोकांसमोर त्याची बाजू: स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. शंका विचारून झाल्यावर, शंका विचारलेली असतानाच, त्याला मोठं म्हटलं. योहानाला ते बहुधा ऐकूही गेलं नसेल. तुमच्याबद्दल देव काय म्हणतो हे आज तुम्हाला ऐकू येत नसेल, पण म्हणून तो काहीच म्हणत नाही असं धरून चालू नका.

त्याच दिवशी याकोबाच्या पत्रातलं वाचनही आहे: शेतकरी जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, त्याला पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. पावसानेच पीक नेलेल्या गावात हे वाचताना मी एवढंच सांगतो की याकोबाचा शेतकरी पालेस्तिनातला आहे, तिथे पेरणी हिवाळ्याच्या तोंडाच्या पावसावर होते आणि दाणा वसंतातल्या पावसावर भरतो. पाऊस त्याच्याही हातात नाही. तरी तो बांधावर नुसता बसलेला नसतो.

तुरुंग आणि आगमनकाळ यांचं नातं पुढेही दिसतं. हिटलरच्या राजवटीत, १९४३ च्या नोव्हेंबरात, बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून डिट्रिश बॉनहोफर या लुथरन धर्मगुरूंनी मित्राला लिहिलं की कोठडी हे आगमनकाळाचं वाईट चित्र नाही, माणूस आत वाट पाहतो, इकडचंतिकडचं काही करतो, पण दार उघडतं ते बाहेरूनच. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात आल्फ्रेड डेल्प हे जेझुइट फादर होते. हातात बेड्या. त्या बेड्यांतच त्यांनी कागदाच्या तुकड्यांवर आगमनकाळाची चिंतनं लिहिली आणि ते कागद धुण्याच्या कपड्यांतून बाहेर गेले. त्यांच्या लिखाणाचा रोख असा की हा काळ माणसाला हलवून सोडण्याचा आहे, हललेला माणूसच जागा होतो. २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना फाशी दिली, बॉनहोफरना ९ एप्रिलला. दोघांपैकी कोणाचंही दार या जगात उघडलं नाही. तरी ती पानं खोटी ठरली, असं ती वाचणारा कोणी म्हणत नाही.

इतकं लांब जायला नको असेल तर पुणे जिल्ह्यातलं केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना गोळा करून घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशनचं, म्हणजे निराधार मुली-स्त्रियांच्या आश्रमाचं, काम उभं राहिलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा छपाईच्या कामात होतं. रमाबाई ते तपासत राहिल्या, आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलात गेल्या. मुलगी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत त्यांना काय ‘वाटत’ होतं हे आपण कोण सांगणार? त्या काय करत होत्या तेवढं दिसतं.

बरं, आता घरातलं. उरलेल्या दिवसांत काय करायचं, असं तुम्ही विचारलं नाही, पण विचारणार होतात असं समजतो.

रात्री जेवणं झाल्यावर पाचेक मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसा. लांब प्रार्थना नको. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एखादं तक्रारीचं स्तोत्र वाचा. तेरावं अगदी छोटं आहे, ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या सुराचं. ऐंशीव्यात देवाने लोकांना अश्रूंची भाकर खायला घातली असं सरळ त्याच्या तोंडावर म्हटलं आहे, आणि ते आगमनकाळात चर्चमध्येही म्हटलं जातं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही गोड ओळ नाही. तेही पवित्र शास्त्रातच आहे. मालकांना वाचायला द्या. नोकरी गेलेला पुरुष घरात बोलत नाही, पण वाचायला दिलं तर वाचतो, आणि त्या ओळींत त्याला बोलायची सोय मिळते.

चार जांभळ्या-गुलाबी मेणबत्त्यांचा सेट आणायला तालुक्याला जाऊ नका. कड्यात मेणबत्त्या लावण्याची ही प्रथा १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिश विखर्न यांनी गरीब मुलांच्या वसतिगृहात सुरू केली, आणि त्यासाठी वापरलं होतं गाडीचं जुनं चाक. मुलं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले, म्हणून रोजच्या लहान आणि रविवारच्या मोठ्या मेणबत्त्या. तुमच्या घरात वीज गेल्यावर लावायची जी मेणबत्ती आहे, ती चालेल. पणतीही चालेल.

पहिल्या सणाचा रिवाज पाळा, पण त्याचं ओझं होऊ देऊ नका. सासरे गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ, म्हणून करंज्या-चकल्या घरात करायच्या नसतील तर करू नका. नातेवाईक फराळ आणून देतील तो घ्या, लाजू नका. लेकाला मात्र चांदणी लावू द्या. ती चांदणी ‘आम्ही सुखात आहोत’ असं सांगायला नसते. मुलाला त्याच्या आजोबांबद्दल दोन शब्द बोलायला लावा, मागच्या वर्षी गोठा कोणी बांधला होता, चारा कुठून आणला होता. मुलांचं दुःख असल्या वेळी बाहेर पडतं, ‘रडू नको’ म्हटल्यावर ते आत जाऊन बसतं.

कपड्यांसाठी आणि केकसाठी बचत गटातून किंवा फायनान्सवाल्याकडून नवीन कर्ज उचलू नका. हे मी आध्यात्मिक सल्ला म्हणूनच सांगतो आहे. जानेवारीतला हप्ता दारात आला की नाताळची सगळी शांती निघून जाते. किराण्याची अडचण असेल तर तुमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, फादरना किंवा सिस्टरना खाजगीत सांगा. बऱ्याच धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल संस्थेची माणसं हे काम गाजावाजा न करता करतात. मदत मागण्यात कमीपणा मानणाऱ्या घरांत मी जास्त दुःख पाहिलं आहे.

गायनवृंदात असाल आणि गळा दाटून येत असेल तर यंदा गाऊ नका, मागच्या बाकावर बसा. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून येशूपुढे सोडलं, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. आणणाऱ्यांचा विश्वास. काही वर्षं माणूस खाट उचलणाऱ्यांत असतो, काही वर्षं खाटेवर. मिस्सात बाकीचे गातात ते तुमच्यासाठीही असतं.

‘देवाची काहीतरी योजना असेल’ असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप येतात त्यांना उत्तर द्यायची गरज नाही. पाठवणाऱ्याला काय बोलावं कळत नसतं, एवढाच त्याचा अर्थ. यिर्मयाचं ते वचन, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, सगळे पाठवतात. पण ते बाबेलला बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच पत्रात सत्तर वर्षं लागतील, तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा असं लिहिलं आहे. तेवढा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. मालक रात्र रात्र जागत असतील, जेवण सुटलं असेल, ‘माझ्याशिवाय तुमचं बरं होईल’ अशा प्रकारचं काही बोलले असतील, तर तिथे स्तोत्र पुरे नाही. त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, कीटकनाशकं घराबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हे तुमच्या स्वतःबद्दलही लागू आहे. औषध घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सुटणं, असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

बातम्यांतल्या युद्धांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं होतं. गाझातल्या युद्धामुळे २०२३ च्या नाताळला बेथलेहेमात जाहीर सोहळे झाले नाहीत. तिथल्या लुथरन चर्चने त्या वर्षी गोठा केला तो सिमेंटच्या ढिगाऱ्याचा, आणि बाळ येशूला त्या मलब्यात ठेवलं. २०२४ लाही गाव अंधारातच होतं. २०२५ ला तिथल्या चौकातलं झाड पुन्हा उजळलं. त्यावरून शांती आली असं कोणी समजू नये, पण ज्या गावात ही कथा घडली त्याने दोन वर्षं दिव्यांशिवाय नाताळ पाळला, आणि तोही नाताळच होता.

राहिला प्रश्न २४ तारखेच्या रात्रीचा. मध्यरात्रीच्या मिस्साला गर्दी, रोषणाई, नवे कपडे, आणि मिस्सानंतर प्रत्येकाशी हस्तांदोलन करत हसणं, हे झेपणार नसेल तर २५ ला सकाळच्या मिस्साला जा. तेही जमलं नाही तर २८ तारीख चुकवू नका. एरवी त्या दिवशी थोरल्या हेरोदाने (योहानाला कैद करणाऱ्या हेरोदाच्या बापाने) मारलेल्या बालकांचं स्मरण असतं. यंदा रविवार आला म्हणून पवित्र कुटुंबाचा सण आहे, आणि शुभवर्तमान मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाचं: योसेफ रात्रीच उठतो, बाळाला आणि आईला घेऊन मिसरला निघतो. बालहत्येची मधली वचनं त्या दिवशी वाचली जात नाहीत. तुम्ही घरी ती वाचा. इस्राएलची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन नाकारते आहे, असं तिथे लिहिलं आहे, आणि मत्तयाने तिला गप्प केलेलं नाही. एरवी नाताळच्या दिवसांतच हे वाचन येतं, म्हणजे रडणाऱ्यांची जागा गोठ्यापासून फार लांब ठेवलेली नाही. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरना थोडा निवांत वेळ असतो. मालकांना सोबत न्या, आणि मला जे लिहिलंत ते त्यांना बसून सांगा.